पहिला डीएसएलआर घ्यायचाय, पण आयएसओ काही डोक्यात शिरत नाही

रात्रकिडा

मंडळी, कार्तिक लागला, आता गावाकडे जत्रांचा हंगाम सुरू होईल. मूळ गाव कुडाळजवळ, पोटापाण्यासाठी पुण्यात. वर्षातून दोन-तीन दशावतार बघितल्याशिवाय जीव राहत नाही. गेल्या वर्षी हौसेने फोनवर फोटो काढले. फोनच्या नाइट मोडने नाटकातल्या संकासुर राक्षसाला तीन हात दिले आणि तलवारबारीतली (तलवारींच्या लढाईतली) तलवार गायबच करून टाकली. तेव्हाच ठरवलं, यंदा कॅमेरा घ्यायचा.

बजेट ४० हजार. दुकानात गेलो तर विक्रेता म्हणाला, हा १८ मेगापिक्सेल, तो २४, तुम्ही २४ वालाच घ्या, सोबत दोन लेन्स, बॅग आणि ट्रायपॉड फुकट. दुसरा म्हणाला, याचा आयएसओ २५६०० पर्यंत जातो, अंधाराची चिंताच नको. ऑफिसातल्या मित्राने नेमकं उलटं सांगितलं: आयएसओ १०० च्या वर न्यायचाच नाही, फोटो खराब होतो. मग कंपनीने पुढचे आकडे काय शोभेला दिलेत का?

कुठला कॅमेरा घेऊ, आणि हे आयएसओ प्रकरण कुणीतरी माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगा.

बोरूबहाद्दर

मॉडेल नंतर बघू. आधी हे सांगा: रंगमंचापासून किती लांब बसता? उजेड कसला असतो? फ्लॅश मारता येतो का? "पहिला कॅमेरा कुठला घेऊ" या प्रश्नावर इथे शंभर धागे निघालेत आणि एकातही धागाकर्त्याने हे सांगितलेलं नाही.

रात्रकिडा

देवळाच्या आवारात, पुढच्या रांगेत, साधारण १५ फुटांवर. उजेड म्हणजे बांबूला बांधलेले दोन एलईडी फ्लडलाइट, रात्रभर तसेच. फ्लॅश नको, नटांच्या डोळ्यात जातो आणि मागची म्हातारी मंडळी शिव्या घालतात. ट्रायपॉड लावायला जागा नाही, आजूबाजूला पोरं झोपलेली असतात.

मालवणी मासो

कॅमेरो खयचोव घे रे, पण लेन्स बरी घे. ती बॅग नि ट्रायपॉड दुकानदाराकच ठेव म्हणान सांग.

जुनाफिल्मवाला

कोल्हापुरात वीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली निम्मी रोलची. तेव्हा याला आम्ही एएसए म्हणायचो. जर्मन बनावटीच्या कॅमेऱ्यांवर डिनचा आकडा असायचा. १०० एएसए म्हणजे २१ डिन. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने दोन्ही एकत्र केले आणि रोलच्या खोक्यावर आयएसओ १००/२१° असं छापून येऊ लागलं. तुझा आयएसओ तो हाच.

बाहेर उन्हात १०० चा रोल, लग्नाच्या हॉलमध्ये ४०० चा. ४०० ला कमी प्रकाश पुरायचा, पण दाणा (फोटोतला रवाळपणा) मोठा दिसायचा. एकदा रोल घातला की ३६ फोटो संपेपर्यंत तोच आयएसओ. मुहूर्त उन्हात आणि वरात रात्री असली की आमची तारांबळ, म्हणून गळ्यात दोन कॅमेरे. तुम्हाला आता प्रत्येक फोटोला रोल बदलता येतो आणि तुम्ही म्हणता १०० च्या वर जाऊ नका! तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग.

लोलक

काकांचा प्रतिसाद आवडला. मी भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा थोडं लांबण लावणार, सहन करा.

फोटो उजळ की काळोखा, हे तीन गोष्टींवर ठरतं. लेन्सचं भोक किती मोठं (अ‍ॅपर्चर), ते किती वेळ उघडं (शटर), आणि आलेल्या संकेताला नंतर किती मोठं केलं (आयएसओ). पहिल्या दोन गोष्टींनी प्रकाश आत येतो. आयएसओने एक कणही जास्त आत येत नाही. "आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त संवेदनशील होतो" हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, पण डिजिटलमध्ये सेन्सर आहे तोच राहतो. लाउडस्पीकरचा आवाज वाढवला म्हणून गायक मोठ्याने गायला लागत नाही, तसंच.

मग दाणे कुठून येतात? अंगणात पावसात दोन वाट्या ठेवल्यात असं समजा. धो-धो पाऊस असेल तर दोन्हींत जवळपास सारखं पाणी साठेल. नुसती भुरभुर असेल तर एकीत पाच थेंब पडतील, दुसरीत नऊ. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने, म्हणजे फोटॉनांनी येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०००० फोटॉन पडत असतील तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. सरासरी १०० च पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. शेजारशेजारच्या पिक्सेलमधला हा फरक आपल्याला दाण्यांसारखा दिसतो. त्याचं मूळ कमी प्रकाशात आहे. आयएसओ फक्त तो मोठा करून समोर आणतो. शिक्षा मात्र त्यालाच होते.

आता तुमचं नाटक. आयएसओ दुप्पट केला की फोटो दुप्पट उजळ: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. शटरची वेळ निम्मी केली की प्रकाश निम्मा. दोन फ्लडलाइटच्या उजेडात, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर, झूम पुढे नेला की अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). चालता-बोलता नट न हलता यायला शटर १/१२५ तरी हवं. अशा ठिकाणी आयएसओ ६४०० च्या घरात जातो, हे मी आमच्या गॅदरिंगमध्ये मोजलंय. आता तिथेच एफ १.८ ची लेन्स लावा. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास १०. दहापट प्रकाश! तेच शटर ठेवून ६४०० चं काम ६४० वर होतं. २५६०० वाल्या विक्रेत्याला हे गणित करून दाखवा.

सौ. भिंगरी

वाखुसा (वाचनखूण साठवली). वाट्यांचं उदाहरण मुलाला वाचून दाखवलं. एक शंका: लेन्सला स्टॅबिलायझर असतो ना? त्याने शटर कमी ठेवता येत नाही का?

लोलक

येतं, पण तो तुमच्या हाताचं हलणं सावरतो. समोरचा राक्षस नाचत असेल तर त्याला तो काय करणार? देवळाचा गाभारा, समई, रिकामा रंगमंच यांच्यासाठी उत्तम.

भिगवणकर

विषयाला वेगळं वळण देतो, राग मानू नका. आजच्या तारखेला नवा डीएसएलआर घ्यायचाच कशाला? निकॉनने डी३५०० आणि डी५६०० बंद केले. कॅनन आणि निकॉन या दोघांचेही शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० चे, त्यानंतर सगळं लक्ष मिररलेसवर, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांवर. मी फ्लेमिंगोंच्या मागे उजनीच्या पाण्यात दहा वर्षं डीएसएलआर घेऊन फिरलो, दोन वर्षांपूर्वी बदललं. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा उमटणार ते आधीच दिसतं. नवशिक्याला आयएसओ शिकायला याहून चांगली सोय नाही.

बोरूबहाद्दर

मुद्दा बरोबर, पण धागाकर्त्याचे ४० हजार बघा. नवा मिररलेस आणि वर एफ १.८ ची लेन्स एवढ्यात बसवणं कठीण. उलट लोक मिररलेसकडे पळताहेत म्हणूनच वापरलेले डीएसएलआर बाजारात ढिगाने आलेत. फोटोवर "काढला मिररलेसने" असं कुणी लिहून ठेवत नाही.

भिगवणकर

वापरलेला घेणार असाल तर माझा विरोध मागे. नव्या डीएसएलआरवर पैसे घालवू नका एवढंच म्हणणं होतं.

पण एक खड्डा दाखवून ठेवतो, मी स्वतः त्यात पडलोय. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. म्हणजे ५० एमएम एफ १.८ ची जुनी "डी" लेन्स स्वस्तात मिळते म्हणून आणाल आणि फोकस हाताने फिरवत बसाल. त्यांना पोटात मोटर असलेली एएफ-एस लेन्सच हवी (एएफ-पी फक्त त्यातल्या नव्या मॉडेलना चालते), उदाहरणार्थ डीएक्स ३५ एमएम एफ १.८ जी. कॅननमध्ये ही कटकट नाही. त्यांच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्सच्याच पोटात आहे.

रात्रकिडा

धन्यवाद मंडळी. बरंच कळलं. आता नेमकं विचारतो: कॅनन ३०००डी आणि १५००डी असे दोन वापरलेले कॅमेरे समोर आहेत. आणि ३५ एमएम की ५० एमएम?

बोरूबहाद्दर

१५००डी. ३०००डी मध्ये लेन्स अडकवायची कडीसुद्धा प्लास्टिकची आहे, स्क्रीन लहान. १८ आणि २४ मेगापिक्सेलच्या भांडणात मात्र पडू नका, तुमच्या कामाला दोन्ही पुरतात.

लेन्सचं गणित मांडतो. १५००डी चा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. ५० एमएम लेन्सने १५ फुटांवरची चौकट होते साधारण २ मीटर बाय १.३५ मीटर. कॅमेरा उभा धरला की एक राजा मुकुटापासून पायांपर्यंत जेमतेम मावतो. आडवा धरला की दोन पात्रं कमरेपर्यंत. सगळा रंगमंच हवा असेल तेव्हा १८-५५ आहेच. तेव्हा ५० एमएम एफ १.८ एसटीएम घ्या, कॅननच्या नव्या लेन्समधली ही सगळ्यांत स्वस्त म्हणावी अशी, आणि पोरासोरांपासून प्रोफेशनलपर्यंत सगळ्यांच्या बॅगेत सापडते.

वापरलेला बघताना: लेन्समधून मोबाइलची टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, नमस्कार करून उठा. मग अ‍ॅपर्चर एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. एक ठिपका कायम लाल किंवा निळा पेटलेला असेल तर पिक्सेल गेला. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. मूळ बिल मागा, त्यावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी जुळवून पाहा. मुंबईला जाणार असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारा, भाव तरी कळेल.

मालवणी मासो

बुरशेचा कोकणातल्या माणसाक सांगूक नको. आमच्याकडे पावसात चपलेक येता, लेन्सेक कित्याक येवची नाय?

सौ. भिंगरी

अवांतर: लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली तर चालते का? सासूबाईंनी सुचवलंय.

लोलक

तांदूळ नको, त्याची पूड आत जाते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. ४० ते ५० टक्के असली की पुरे. जेलचा रंग बदलला की पुन्हा तापवून कोरडं करायचं. आणि कॅमेरा पावसाळ्यातही वापरत राहायचा. बुरशी पडून राहिलेल्या लेन्सला आधी धरते.

रात्रकिडा

घेतला! १५००डी, सोबत १८-५५, आणि ५० एमएम वेगळी. बिल, खोकं सगळं आहे. अजून बजेटात दोन हजार शिल्लक.

पण पहिल्याच रात्री तोंड पडलं. घरात ट्यूबलाइटमध्ये बायकोचे फोटो काढले. मित्राचं ऐकून आयएसओ १००, शटर १/१२५. सगळे काळेकुट्ट. म्हटलं हरकत नाही, कॉम्प्युटरवर उजळवू. उजळवले तर सावल्यांमध्ये जांभळे-हिरवे डाग आणि आडव्या रेघा. बायको म्हणाली, तुझ्या फोनमध्ये मी बरी दिसत होते. १०० वर दाणे येत नाहीत ना?

लोलक

इथेच सगळे फसतात. आयएसओ १०० ठेवल्यावर प्रकाश वाढला का? नाही. शटर तेच, भोक तेच. म्हणजे फोटॉन तेवढेच. तुम्ही फक्त मोठं करायचं काम कॅमेऱ्याकडून काढून कॉम्प्युटरला दिलंत. तेही जेपेगमध्ये, जिथे सावल्यांची माहिती कॅमेऱ्याने आधीच गाळून टाकलेली असते. कॅमेऱ्याने तेच काम आत, इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा खरखराट मिसळायच्या आधी केलं असतं. तोच फोटो १६०० वर नीट उजळ काढा आणि शेजारी ठेवून बघा.

आयएसओ १०० हा तेव्हाच गुणाचा, जेव्हा त्याच्या जोडीला भरपूर प्रकाश आत येतो. ऊन असलं की आपोआप येतो. घरात ट्रायपॉडवर दोन सेकंद शटर उघडं ठेवलंत तरी येतो, फक्त बायकोला दोन सेकंद पुतळा व्हायला सांगा.

रात्रकिडा

केलं. १६०० वरचा फोटो कितीतरी स्वच्छ. म्हणजे कमी आयएसओवर जास्त दाणे! हे कुणी आधी का सांगत नाही?

बायकोने फोटो ठेवून घेतला. पुतळ्याचा प्रयोग फेटाळला.

जुनाफिल्मवाला

आता जत्रेला जायच्या आधी एक ऐक. ऑटो आयएसओ बंद कर. रंगमंचावर दिवे रात्रभर तेच आहेत म्हणालास ना? मग एकदा मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून, नट दिसतो तसा यायला लागला की आकड्यांना हातच लावू नको. ऑटो आयएसओ नवशिक्याला दुपारच्या लग्नात बरा, इथे दगा देईल. का, ते मालवणवाला सांगेल, त्याने पाहिलेलं असणार.

मालवणी मासो

सांगतंय. संकासुर काळो कुट्ट. तो पुढे इलो काय कॅमेरो म्हणता, अरे, काळोख पडलो! नि आयएसओ चढयता. मगे संकासुर राखाडी नि बाजूच्या भटजीचा तोंड पिठासारख्या पांढऱ्या. माझे पयले सगळे फोटो तसलेच असत.

लोलक

अगदी हेच. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे येईल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. चौकट काळ्या कपड्याने भरली की तो जास्त उजळवतो, पांढऱ्या धोतराने भरली की काळवंडवतो. ऑटोवर राहायचंच असेल तर संकासुराला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ द्या. मॅन्युअल असेल तर हा प्रश्नच येत नाही.

रात्रकिडा

दोन जत्रा झाल्या. वृत्तांत देतो, कारण इथल्या प्रत्येकाचं काहीतरी कामी आलंय.

पहिल्या रात्री मॅन्युअल, एफ २.२, शटर १/२००, आयएसओ १६००. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, भटजी आला, संकासुर आला, एकदाही चाकाला हात लावला नाही. संकासुर काळाच आला! एफ १.८ वर आधी काढून पाहिलं होतं, पण तिथे दोन-अडीच फुटांपलीकडचं सगळं पुसट होत होतं, म्हणून २.२ केलं. फोकसला फक्त मधला ठिपका वापरला, बाजूचे ठिपके या उजेडात चाचपडत होते. तलवारबारीला शटर १/४०० आणि आयएसओ ३२००. दाणे दिसतात, पण तलवार आहे, आणि ज्याच्या हातात आहे त्याचे दोनच हात आहेत. पेटीवाल्याचा घाम आलेला चेहरा मला सगळ्यांत आवडला, तो इथे नंतर टाकतो.

दुसऱ्या गावात मात्र घोळ. आकडे तेच, पण फोटोंवर आडवे काळपट पट्टे. काही फोटोंत आहेत, काहींत नाहीत. कॅमेरा बिघडलाय का? विकणाऱ्याला फोन करू?

लोलक

थांबा, फोन करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही. १/२०० चं शटर एक लुकलुक पुरती बघत नाही, कधी उजेडाचा भाग पकडतं, कधी अंधाराचा. शटर १/१०० करा, म्हणजे प्रत्येक फोटोत एक पूर्ण लुकलुक येईल आणि पट्टे जातील. आयएसओ ८०० वर आणा, तेवढाच फायदा. पहिल्या गावातले दिवे चांगल्या प्रतीचे असणार.

रात्रकिडा

पण १/१०० वर तलवारबारी हलेल.

जुनाफिल्मवाला

हलू दे. चेहरा स्थिर नि तलवार फिरलेली, असा एखादा फोटो दहांत मिळतो. लढाईतही क्षण असतो, तलवार वर जाऊन थांबते तो. मृदंग ऐक, थापेवरून कळतं कधी थांबणार ते. आम्ही ४०० च्या रोलवर १/६० ने काढायचो.

रात्रकिडा

काका, काल तिसरी जत्रा. मृदंगावर कान ठेवला. ४० पैकी ६ जमले!

आणखी एक. पहिल्या जत्रेत राणीचं काम करणाऱ्या बुवांनी फोटो पाहिला आणि घरात लावायला मोठा करून मागितला. १६०० चा आहे. बारा बाय अठरा इंच चालेल का, की दाणे दिसतील?

बोरूबहाद्दर

बिनधास्त. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. १८ इंचात ६०००, म्हणजे इंचाला ३३३. हातभर अंतरावरून दाणा शोधूनही सापडणार नाही. शंभर टक्के झूम करून फोटो तपासायची सवय आत्ताच सोडा. मॅट कागदावर काढा, चकचकीतवर दिव्याचं प्रतिबिंब येतं.

रात्रकिडा

प्रिंट पोचली. बुवांनी भिंतीवर लावली. बघून एवढंच म्हणाले, "साडयेचो रंग बरोबर इलो. पण नथ खय गेली?" बघतो तर खरंच, नथीच्या जागी नुसता पांढरा ठिपका. कपाळावरही तसाच एक.

मालवणी मासो

बुवा नथीसाठी तासभर आरशासमोर बसतत रे. जपान बोल तेंच्याशी.

लोलक

उजेड जळलाय. एकदा तिथे पूर्ण पांढरं झालं की जेपेगमधून काही परत येत नाही. पुढच्या वेळी रॉमध्ये (जेपेगसारखी माहिती न गाळलेली फाइल) काढा आणि शटर एक टप्पा वाढवा, १/२०० ऐवजी १/४००. स्क्रीनवर फोटो बघताना बटण दाबून माहितीच्या पानावर गेलात की जळलेला भाग लुकलुकताना दिसतो. राणी आली की आधी नथ बघा.

रात्रकिडा

शनिवारी त्यांचाच प्रयोग आहे, शेजारच्या गावात. जातोय.